कार्डबाईच्या लाल क्लिपा

कायदा खात्याच्या तळमजल्यावर, जिन्याला वळसा घालून आत गेलं की नोंद शाखा लागे. खोलीला खिडक्या दोन. त्यातली एक कपाटामागे गेलेली, आणि दुसरीतून दिसायची ती फक्त मोटारी उभ्या करायची फरसबंद जागा. या खोलीत सव्वीस वर्षं एक बाई बसत होत्या. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरीपुरतंच. एरवी दारावरच्या शिपायापासून वरच्या मजल्यावरच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना कार्डबाई म्हणत.

कार्डं नऊ हजार होती. पोस्टकार्डाएवढी, जाड, फिकट पिवळी. माणूस एक, कार्ड एक. सरकारला ज्यांच्यावर लक्ष ठेवावंसं वाटे, त्यांची ही कार्डं: संप करणारे, पत्रकं वाटणारे, सभेत जरा जास्तच वेळ टाळ्या वाजवणारे. खबऱ्यांची टिपणं वरून खाली येत. टिपणावर खबऱ्याचं नाव नसे, नुसता क्रमांक. बाई टिपण दोनदा वाचत, त्यातलं प्रत्येक नाव वेगळं काढत, आणि ज्याचं कार्ड नसेल त्याचं करत. अक्षर असं की छापलेलं वाटावं. या माणसांचं पुढे काय होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पुढे बहुतेक काहीच होत नसे. कार्डं खणात झोपलेली असत, आणि बाई त्यांची आई असल्यासारख्या अधूनमधून ती सारखी करून ठेवत.

त्यांचे दोन नियम होते. पहिला निळ्या चिठ्ठीचा. खणातून कार्ड हललं की त्या जागी निळी चिठ्ठी लागायची: कोणी नेलं, कधी नेलं, सही. एकदा एक जुने साहेब सही न करताच कार्ड घेऊन निघाले, तर बाई पेन आणि चिठ्ठी घेऊन त्यांच्या मोटारीपर्यंत गेल्या होत्या. साहेबांनी मोटारीच्या टपावर चिठ्ठी ठेवून सही केली. शिपाई ही गोष्ट अजून सांगे, आणि दर वेळी त्यात पाऊस वाढवे.

दुसरा नियम लाल क्लिपेचा, आणि तो बाईंनी स्वतःच्या डोक्यातून काढलेला होता. काही नावं टिपणांत सारखी येत. त्यांची कार्डं सारखी काढायला लागत, आणि नऊ हजारांत ती शोधताना वेळ जाई. म्हणून ज्याचं नाव पाचांपेक्षा जास्त टिपणांत आलं, त्याच्या कार्डाला वरून एक पत्र्याची क्लिप लावायची. लांबून दिसावी, हात चटकन तिथे जावा, एवढ्यासाठीच. बाईंनी भांडारातून हिरव्या क्लिपा मागवल्या होत्या. भांडारवाला म्हणाला, “हिरव्या संपल्या. लाल आहेत, न्यायच्या तर न्या, नाहीतर सहा महिने थांबा.” बाईंनी लाल नेल्या.

त्या वर्षी न्यायालयाच्या पायऱ्यांवर भर दुपारी स्फोट झाला. दारं-खिडक्यांच्या काचा गेल्या, आणि पहारेकऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं. ठेवणारा सापडला नाही. वर्तमानपत्रांनी जहाल लोकांच्या नावाने शंख केला, मंत्र्यांनी जुन्या कायदा अधिकाऱ्यांना घरी बसवलं, आणि त्यांच्या जागी नवे आले. यांना सगळे कायदेसाहेब म्हणू लागले. पंचेचाळिशीचे, सडसडीत, कमी झोपणारे. माणूस दुष्ट नव्हता. पहिल्या दिवशी कचेरीत यायच्या आधी इस्पितळात जाऊन त्या पहारेकऱ्याजवळ तासभर बसून आला होता. पण घाईत होता, आणि घाईतल्या माणसाला जे आधी दिसतं तेच खरं वाटतं.

दुसऱ्या आठवड्यात ते नोंद शाखेत उतरले. बाईंनी एक खण ओढून दाखवला. पिवळ्या रांगेत मधूनमधून लाल ठिपके.

“हे लाल किती आहेत?” साहेबांनी विचारलं.

“दोनशे तेरा, साहेब.” बाईंना आकडे तोंडपाठ असत.

“दोनशे तेरा,” साहेब स्वतःशी म्हणाले. क्लिप कसली, हे त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची बाईंना सवय नव्हती. साहेबांनी लाल कार्डं एकेक करून वाचली. एका कार्डाशी ते बराच वेळ थांबले. ते कार्ड असं होतं: ‘मिनिट. खरं नाव माहीत नाही. वय पन्नाशीचं. वाचक मंडळाच्या खोलीत दर बुधवारी येतो. कमी बोलतो. बोटं बारीक कामाची. उल्लेख अकरा.’

“मिनिट,” साहेब म्हणाले. “बारीक कामाची बोटं.” त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी लिहून घेतलं.

सोमवारी वर्तमानपत्रात पहिल्याच पानावर आलं: सरकारकडे दोनशे तेरा घातक इसमांची यादी तयार असून येत्या काही दिवसांत सगळ्यांना ताब्यात घेतलं जाईल. खाली वेगळी चौकट होती. तिचा मथळा, ‘कोण हा मिनिट?’ स्फोटाला वेळ लावून देणारा कुशल हात याच इसमाचा असावा, असा अधिकाऱ्यांचा कयास आहे, वगैरे. सुतावरून स्वर्ग कसा गाठतात ते बाईंनी त्या दिवशी पाहिलं. सूत त्यांच्याच हातचं होतं. त्यांनी चौकट दोनदा वाचली. काहीतरी खटकलं, पण काय, ते कळेना. ‘मी असं लिहिलं नव्हतं,’ एवढंच त्या मनाशी म्हणाल्या, आणि खण सारखे करायला लागल्या.

बाईंच्या घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, अशी दोनच माणसं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान चौकाच्या पलीकडे, पण राहिलेलं काम तो घरी आणी, त्यामुळे घरात कधीही सात-आठ घड्याळं असत. प्रत्येकाची वेळ निराळी. पाहुण्यांना वाटे, या घरात वेळेचं सोयरसुतक कोणालाच नाही. बाईंना सवय होती. त्या कोणत्याच घड्याळाकडे न बघता बरोब्बर वेळेवर उठत. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. बाईंनी भावाला वाढवण्यात वर्षं घालवली आणि भावाने ती परत करण्यात. बुधवारी संध्याकाळी भाऊ बुद्धिबळ खेळायला जाई. कुठे, ते बाईंनी कधी खोदून विचारलं नाही. कचेरीतलं कचेरीत आणि घरातलं घरात, असा त्यांचा शिरस्ता. भावानेही त्यांना कधी विचारलं नाही की तू दिवसभर काय लिहितेस.

त्या बुधवारी भाऊ गेला नाही.

“आज खेळायचं नाही का रे?” बाईंनी विचारलं.

“डोकं जड आहे.”

“चहा टाकू?”

“नको.” मग थोड्या वेळाने, “टाक.”

चहा झाला. भावाने एक घड्याळ उघडलं, भिंग डोळ्याला लावलं, काढलं, घड्याळ तसंच मिटलं. उठून खिडकीशी गेला. परत येऊन बसला. जिन्यात पाऊल वाजलं की दोघं एकाच वेळी दाराकडे बघत, आणि मग एकमेकांकडे न बघण्याची खटपट करत. बाईंना वाटे, माझी बेचैनी याला दिसली असणार. भावाला वाटे, माझी हिला.

सातच्या सुमाराला दार वाजलं. बाहेर बेकरीवाला उभा होता, कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक. दारभर रुंद, मनगटापर्यंत पीठ, बगलेत कागदात गुंडाळलेला पाव.

“नमस्कार ताई. मिनिट आहे का घरी?”

बाईंचा हात कडीवरच राहिला.

“कोण?”

“तुमचा भाऊ हो. आम्ही त्याला मिनिट म्हणतो. प्रत्येक चालीच्या आधी म्हणणार, ‘एक मिनिट’, आणि मग पाव घंटा बसणार. मी मधल्या वेळात एक भट्टी काढून येऊ शकतो.” तो आत वाकून बघत म्हणाला, “काय रे, मागच्या बुधवारचा डाव अर्धा राहिलाय, आणि आज तू आलाच नाहीस. हरतोयस म्हणून, की पेपरात नाव आलं म्हणून? ताई, आता तुमच्या घरात फार मोठा माणूस राहतो बरं का.”

तो एकटाच हसला. मग दोघांचे चेहरे बघून त्याने पाव टेबलावर ठेवला, “गरम आहे, लगेच खा” म्हणाला आणि पाय न वाजवता उतरून गेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बारीक कामाची बोटं. ती बोटं चिमट्यात धरून बाईंनी त्याला अक्षरं गिरवायला शिकवली होती, आणि कार्ड लिहिताना त्यांना ती ओळखू आली नव्हती.

“तुला सोमवारीच कळलं ना?” बाईंनी विचारलं.

“कळलं. तुला उगाच घोर नको म्हणून नाही बोललो.” त्याने पावाचा कागद सोडला, पुन्हा बांधला. “ते माझ्याबद्दल असूच शकत नाही, अक्का. मंडळाच्या खोलीत एका कोपऱ्यात ते लोक पेपर मोठ्याने वाचतात आणि सरकारला शिव्या घालतात. दुसऱ्या कोपऱ्यात आम्ही खेळतो. खोली उबदार आहे आणि कोणी उठवत नाही, एवढंच. तू कायदा खात्यात आहेस. तिथे कोणी शहाणं माणूस असेल ना, ज्याने हे सगळं लिहिलं त्याला विचारणारं?”

कार्ड आपणच लिहिलं, हे बाईंच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं.

गुरुवारी सकाळी बाई आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता वरच्या मजल्यावर गेल्या. साहेबांच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला होता. शुक्रवारी सकाळी लाल कार्डांवरून नावं उतरवून घ्यायची आणि शनिवारी पहाटे गाड्या निघणार, असं ठरलं होतं. बाजूला इन्स्पेक्टर उभा होता.

“साहेब, लाल क्लिपेबद्दल थोडं सांगायचं होतं.”

“उत्तम पद्धत आहे, बाई. मी मंत्र्यांनाही सांगितलं.”

“ती धोका दाखवणारी नाही. जे कार्ड सारखं लागतं त्याला मी ती लावते. खुणेला.”

“सारखं का लागतं?”

“नाव सारखं येतं म्हणून.”

“आणि नाव सारखं का येतं?”

“ओळखी असतात माणसाच्या. त्यात एक न्हावी आहे, साहेब. एक सुईण आहे, तिने अर्ध्या शहराला जगात आणलंय. त्यांचं नाव कोणीही घेणारच.”

“ओळखीशिवाय कट होत नाही, बाई.”

“ओळखीशिवाय दाढीही होत नाही, साहेब.”

इन्स्पेक्टरने खोकल्यासारखं केलं. साहेब मात्र रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “क्लिपा लाल का आहेत मग?”

“भांडारात हिरव्या नव्हत्या.”

खाली फरशीवर एक मोटार सुरू होऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली.

“आकडा छापून आलाय,” साहेब शेवटी म्हणाले. “दोनशे तेरा. उद्या तो नव्वद झाला तर लोक विचारतील, उरलेले कुठे गेले. त्या पहारेकऱ्याला मी काय सांगू, की क्लिपा संपल्या होत्या? निर्दोष असतील ते सुटतील, बाई. तुम्ही हे बाहेर बोलू नका.”

बाई खाली आल्या. मिनिट कोण, हे त्या बोलल्या नव्हत्या. ताकाला जाऊन भांडं लपवलं, असं त्यांना वाटत राहिलं. दिवसभर त्यांनी एकही नवं कार्ड केलं नाही. खण उघडायच्या, मिटायच्या. पाचला पाच कमी असताना शिपाई खिडक्या लावायला गेला, तेव्हा त्यांनी ‘म’चा खण ओढला, कार्ड काढलं, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत सरकवलं आणि खण बंद केला. घरी येईपर्यंत पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, जशी काही तिच्यात भरलेली बरणी आहे.

भाऊ घरीच होता. बाईंनी डबा बाहेर काढला आणि त्याखालून कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने भिंग न लावताच अक्षर ओळखलं. या अक्षराने त्याच्या लहानपणच्या वह्यांवर नाव घातलेलं होतं.

तो खूप वेळ वाचत होता, ओळी चारच असल्या तरी.

“‘कमी बोलतो’,” तो म्हणाला. “हे कोणी सांगितलं?”

“खबऱ्या क्रमांक सतरा.”

“कोण तो?”

“मला क्रमांकच येतो. मला ठाऊक नव्हतं रे हा तू आहेस.”

“ठाऊक असतं तर?”

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “ठाऊक असतं तर लिहिलं नसतं.”

“बरोबर,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मग बाईंचा हात एकदम गळ्याशी गेला.

“काय झालं?”

“निळी चिठ्ठी.”

“कसली?”

“मी चिठ्ठी लावून आले. कार्डाच्या जागी. कोणी नेलं, तारीख, सही. हाताला सवय आहे. हात लिहून मोकळा झाला, मला आत्ता आठवतंय.”

भावाने त्यांच्याकडे बघितलं. त्याचा खालचा ओठ थरथरला, आणि मग तो हसायला लागला. खांदे हलेपर्यंत हसला. “चोरी केलीस आणि पावती ठेवून आलीस. अक्का, तुझ्यासारखी माणसं असतील तर कटबिट काय होणार या देशात.”

बाईंनाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्या उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या, ओला नसलेला ओटा पुसला. “मी उद्या लवकर जाते. कोणी यायच्या आत चिठ्ठी काढते. म्हणजे कार्ड कधी नव्हतंच.”

“हो.” भाऊ कार्ड उलटंसुलटं करत होता. “बेकरीवाल्याचं आहे का गं?”

“आहे.”

“लाल?”

“लाल.”

“त्याला तर उधाराने पाव न्यायला येणारा प्रत्येक माणूस ओळखतो.” तो थांबला. “आणि आमच्याबरोबर खेळतो त्या दोऱ्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्याचं?”

“त्याचंही.”

“मग माझं परत ठेव.”

“वेडा आहेस का?”

“त्यांना नेतील आणि विचारतील, मिनिट कुठाय. तो बेकरीवाला तोंडाने सैल आहे, पण हे नाही सांगायचा. त्याला न सांगण्याबद्दल जे काय करतील, ते माझ्या नावाने करतील. आणि मी इथे तुझ्या हातचा चहा पीत बसू?” त्याने कार्ड त्यांच्या हातात दिलं. “तुझं तू ठरव. मला एवढंच कळतं, घड्याळात एक चाक चुकीचं बसलं तर तेवढंच काढून चालत नाही. सगळं उघडावं लागतं.”

सात घड्याळं आपापल्या वेळा वाजवत राहिली. रात्रभर कोणी फारसं झोपलं नाही, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

शुक्रवारी बाई पावणेसातला कचेरीच्या फाटकाशी उभ्या होत्या. शिपायाने किल्ल्या काढता काढता विचारलं, “आज आग लागली की काय, बाई?”

“लागायच्या आत आलेय,” बाई म्हणाल्या.

त्यांनी टोपी-कोट काही उतरवलं नाही. बिस्किटांचा रिकामा डबा घेतला आणि ‘अ’च्या खणापासून सुरुवात केली. क्लिप निघताना बारीक ‘टिक’ होई, डब्यात पडताना ‘टण’. न्हावी. सुईण. बेकरीवाला. शाळेत घंटा देणारा माणूस. दोऱ्याच्या दुकानातला म्हातारा. मध्येच एखाद्या कार्डाशी हात थबके. यातली दहा-वीस माणसं खरोखरच वाईट असतील, हे बाईंना माहीत होतं. कदाचित पायऱ्यांवर ते ठेवणाराही यांतच असेल. पण तो असेल तर त्याच्या कार्डावर जे लिहिलंय त्यावरून असेल. ते वाचा म्हणावं. क्लिपेवरून नाही. बाई मोजत गेल्या. ‘म’च्या खणाशी त्यांनी निळी चिठ्ठी काढली नाही. तिच्याखाली आजची तारीख घातली, ‘परत केलं’ लिहिलं, सही केली, आणि कार्ड जागेवर ठेवलं. पण त्याची क्लिप काढली.

दोनशे तेरा. डबा बऱ्यापैकी भरला.

नऊला साहेब इन्स्पेक्टरला घेऊन उतरले. साहेबांनी पहिला खण ओढला. दुसरा ओढला. पिवळ्या रांगा सलग, सारख्या, शाळेतल्या मुलांसारख्या उभ्या होत्या.

“लाल कुठे आहेत?”

बाईंनी डबा टेबलावर ठेवला. “सगळ्या आहेत. मोजून घ्या.”

“परत लावा.”

“लावते. नऊ हजार कार्डं टिपणांशी ताडून, उल्लेख मोजून लावाव्या लागतील. मागच्या वेळी अकरा आठवडे लागले होते.”

“तुम्हाला पाठ आहेत, बाई. तुम्हाला सगळं पाठ असतं.”

“आकडे पाठ असतात,” बाई म्हणाल्या. “साहेब, क्लिप माझी होती. खात्याची नव्हती, कायद्याची नव्हती. तिचा अर्थ चुकीचा लागला, म्हणून मी ती काढली.”

इन्स्पेक्टरने ‘म’चा खण ओढला. मिनिटचं कार्ड त्याला पाठ होतं. मंत्र्यांच्या बैठकीत ते दोनदा वाचलं गेलं होतं. कार्डासोबत निळी चिठ्ठी हाताला आली. त्याने ती साहेबांकडे दिली.

“काल तुम्ही हे नेलं होतं?”

“घरी नेलं होतं. नियम मोडला. चिठ्ठीवर आहे.”

“का?”

बाईंनी कोटाच्या गुंडीवर हात ठेवला. “मिनिट माझा धाकटा भाऊ आहे. चौकापलीकडे घड्याळं दुरुस्त करतो. या कचेरीच्या जिन्यातलं घड्याळही त्यानेच दुरुस्त केलंय. बुद्धिबळात चाल सुचेना की ‘एक मिनिट’ म्हणतो, म्हणून ते नाव. आत्ता तो दुकानात आहे. तुम्ही माणूस पाठवलात तर सापडेल. पळणार नाही, त्याच्याकडे लोकांची घड्याळं आहेत.”

साहेब खुर्चीवर बसले. ती बाईंची खुर्ची होती. बराच वेळ त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग बाईंकडे. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर वाचता येत होतं. देशातला सगळ्यात घातक इसम म्हणून ज्याची चौकट छापली, त्याची सख्खी बहीण त्यांच्याच तळमजल्यावर बसून यादी करत होती. हे उद्या छापून आलं तर यादी राहणार नाही आणि साहेबही.

“घरी जा, बाई,” ते हळूच म्हणाले. “आणि पुन्हा येऊ नका.”

बाईंनी डब्याची पिशवी घेतली. दाराशी वळून म्हणाल्या, “‘म’चा खण जरा अडकतो. वर उचलून ओढायला लागतो.”

शनिवारी पहाटे गाड्या निघाल्या, पण यादी नव्हती. इन्स्पेक्टरला आठवली तेवढी एकोणीस माणसं उचलली. बेकरी त्याच्या रोजच्या वाटेवर असल्याने बेकरीवाला आठवला. न्हावी आठवला नाही. कदाचित त्याच्याकडेच दाढी होत असावी. रविवारच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी आली: कुख्यात इसम मिनिट हा सीमेपलीकडे पळून गेल्याचं अधिकृत सूत्रांकडून समजतं.

भावाने ती दुकानात उभ्याने वाचली आणि घरी येऊन बाईंना दाखवली. “मी पळालो म्हणे.”

“जेवून पळ,” बाई म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत. दिवसभर घरी बसायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी कपाट तीनदा लावलं. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मग त्याच काढून टाकल्या. पहाटे जिन्यात दूधवाल्याचं पाऊल वाजलं तरी त्या उठून बसत.

बेकरीवाला एक्केचाळीस दिवसांनी सुटला. आरोप काहीच ठेवला नव्हता. सुटल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी तो आला. दारात आता त्याच्या दोन्ही बाजूंना जागा उरत होती. पाव आणला नव्हता. भट्टी अजून पेटली नव्हती. भावाने पट मांडला. मंडळाच्या खोलीला कुलूप होतं, म्हणून आता इथेच खेळायचं.

“तिथे रोज विचारायचे, मिनिट कोण,” बेकरीवाला सोंगट्या लावता लावता म्हणाला. “मी म्हटलं, साठ सेकंद.”

साहेबांनी खरं उत्तर आपल्यापाशीच दाबून ठेवलं असणार. भावाने हसायचा प्रयत्न केला. बाई चहा घेऊन आल्या, कप ठेवले, आणि उभ्याच राहिल्या.

“तुम्हाला एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “तुमचं कार्ड मी लिहिलं होतं. क्लिपही मीच लावली होती.”

बेकरीवाल्याच्या हातातला घोडा पटावर टेकायचा राहिला. भाऊ खाली बघत होता. कुठलं तरी घड्याळ मध्येच साडेतीनचा ठोका देऊन गेलं.

“काय लिहिलं होतं?” शेवटी त्याने विचारलं.

बाईंना पाठ होतं. “‘बेकरी चालवतो. सगळ्या थरांत ओळखी. बुधवारी मंडळात येतो. हरला की मोठ्याने बोलतो.’ उल्लेख चौदा.”

“जिंकलो तरी मोठ्यानेच बोलतो,” तो म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. “पण हरलो की, हे... हे त्या कोपऱ्यातल्या पेपर वाचणाऱ्यांना नाही कळायचं. हे आमच्या पटाशी बसणाऱ्या कोणीतरी सांगितलंय.”

“क्रमांक सतरा,” बाई म्हणाल्या. “नाव मला खरंच माहीत नाही.”

पटाशी बसणारी माणसं सहा-सातच होती, आणि प्रत्येक जण मनातल्या मनात ती मोजत होता. बेकरीवाल्याने बाईंकडे बराच वेळ पाहिलं. क्षमा केली असं काही तो म्हणाला नाही. त्याने कप उचलला, एक घोट घेतला.

“साखर कमी आहे, ताई.”

बाई डबा आणायला वळल्या, तेवढ्यात जिन्यात पाऊल वाजलं. तिघांनी माना वर केल्या. पाऊल दुसऱ्या मजल्यावर थांबलं, किल्ली फिरली, दार लागलं.

“चाल तुझी आहे,” बेकरीवाला म्हणाला.

“एक...” भाऊ बोलता बोलता थांबला, आणि मग काहीच न बोलता पटाकडे बघत बसला.